स्वॅन्सीला जायचा लिफाफा

‘दॅट इज ओल्ड नेम. नो सच पर्सन नाऊ,’ असं आमचे हे त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाले आणि ती हसली. मीही हसले, हे आधीच कबूल करते. एकतीस वर्षांच्या संसारात नको तिथं हसायची सवय लागते. साउथहॅम्प्टनच्या डॉक्सकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस, एप्रिलमधला शनिवार, साल दोन हजार सहा. आम्हाला जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी एक दणकट गाडी हवी होती. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि परत. चालवणार मी. म्हणून त्या मुलीनं माझं लायसन्स आणि पासपोर्ट मागून घेतला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, पासपोर्टवर सुप्रभा कारखानीस आहे, मग लायसन्सवर ही मधुमती दिघे कोण? मी तोंड उघडायच्या आत ह्यांचं उत्तर देऊन झालं. मुलीचं नाव कर्स्टी, तिच्या छातीवर बिल्ला होता. ती म्हणाली, ‘वेल, आय कान्ट हायर अ कार टू समवन हू इजन्ट देअर, कॅन आय?’ त्यावर आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता मी काउंटरची कड घट्ट धरली.

कर्स्टीचं काही चुकत नव्हतं. माझं लायसन्स म्हणजे जुना हिरवा कागद, घडीवर फाटत आलेला, वर फोटो नाही, पण सत्तरीपर्यंत चालणारा. ती म्हणाली, इथल्या इथं फिरायचं असतं तर मॅनेजरला विचारून पाहिलं असतं. पण गाडी देशाबाहेर न्यायची म्हणजे आमच्याकडून एक वेगळा कागद द्यावा लागतो, त्यावर चालवणाऱ्याचं नाव येतं, आणि उद्या ऑस्ट्रियात पोलिसानं अडवलं तर तिन्ही कागदांवर एकच बाई असायला हवी. सोपं आहे, फॉर्म भरा, स्वॅन्सीला लायसन्सच्या ऑफिसात पाठवा, तीन आठवड्यांत नव्या नावाचं फोटोवालं कार्ड येतं. तोवर गाडी तुमच्या नावानं धरून ठेवते. मी विचारलं, ‘आणि हे? हे परत येतं?’ ती म्हणाली, नाही, जुनं तेच ठेवून घेतात, बहुतेक फाडून टाकतात. आणि तोच फॉर्म काढून तिनं ह्यांच्या हातात दिला. माझ्या हातात नाही.

येताना गाडी मीच चालवत होते, माझी मायक्रा. हे शेजारी बसून धुसफुसत होते. ‘केलं म्हणाली होतीस. मी सत्त्याहत्तर साली विचारलं होतं, तेव्हा केलं म्हणाली होतीस.’ मी म्हटलं, ‘राहिलं असेल.’ ‘राहिलं कसं? सिग्नल बघ. राहिलं कसं म्हणतो मी? मधे आपण घर बदललं, तेव्हा पत्ता बदललास ना? मग नाव?’ मी सिग्नल बघितला. ह्यांना सिग्नल धड दिसत नाही, तरी सांगायचं काही सुटत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर बाजूबाजूनं खात आणलीय. दोन वर्षांपूर्वी तपासणीत नापास झाले आणि लायसन्स परत करावं लागलं. हाडांचे नामांकित डॉक्टर माधव कारखानीस, निम्म्या साउथहॅम्प्टनचे खुबे ह्यांनी बसवलेत, आणि त्या दिवशी लायसन्सचं पाकीट पोस्टात टाकून घरी आले ते कोट न काढता जिन्यावर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मोठी व्हॉल्वो विकली. माझी मायक्रा उरली, ‘काड्यापेटी’, हा ह्यांचा शब्द. तिच्यातून मी क्लिनिकला जायची, मंडईला जायची. आल्प्स चढायचं म्हटल्यावर काड्यापेटी चालेना, म्हणून ही भाड्याची गाडी.

राहिलं नव्हतं, मी ते ठेवलं होतं. सत्त्याहत्तर साली लायसन्स बदलून घ्यायची वेळ आली, तेव्हा फॉर्म मी क्लिनिकमध्ये नेला आणि दोन पेशंटांच्या मधे बसून भरला. नावाच्या चौकटीत मधुमती दिघे लिहिलं, ठळक अक्षरांत, आणि घरी येऊन सांगितलं, केलं. त्र्याऐंशी साली पत्ता बदलतानाही तसंच. माझ्या बाकीच्या सगळ्या कागदांवरून त्या बाईला ह्यांनी एकेक करून हुसकावलं होतं. पासपोर्ट, बँक, मेडिकल कौन्सिल, लायब्ररीचं कार्डसुद्धा. ह्यांना कागद व्यवस्थित लागतात. दुष्टपणानं नाही हो, टापटिपीनं. एक लायसन्स तेवढं ह्यांच्या नजरेतून सुटलं, कारण माझं लायसन्स बघायची वेळच ह्यांच्यावर कधी आली नाही. सगळे मोठे प्रवास हेच चालवायचे. मी डावीकडे, मांडीवर नकाशा. ‘पुढं काय येतंय? लवकर सांग. आत्ता सांगून काय उपयोग, गेला ना फाटा!’ स्कॉटलंड म्हटलं की मला डोंगर आठवत नाहीत, नकाशाच्या घड्या आठवतात.

मधुमती दिघे ठाण्याची. बाहत्तर साली चोविसाव्या वर्षी एकटी लेस्टरच्या हॉस्पिटलात आली, भुलीच्या डॉक्टरची कामं शिकायला. थंडीनं बोटं सुजायची, क्वार्टर्समध्ये अंघोळीला रांग, जेवायला उकडलेला कोबी, आणि मी खुशीत होते. हे मला आता सांगताना चोरट्यासारखं वाटतं, पण होते. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये दुसऱ्या खेपेला ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाले आणि एका सिस्टरकडून जुनी मिनी घेतली, मोरपंखी रंगाची, उजवं दार आतून उघडायचंच नाही. रविवारी ड्यूटी नसली की निघायचं. कुठं, ते ठरलेलं नसायचं. शेजारी कुणी नाही, मांडीवर नकाशा नाही. एकदा समुद्र लागेपर्यंत गेले, पाहिला, चहा प्यायले आणि परत आले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतंच, आणि त्यातच सगळी मजा होती. पंचाहत्तरच्या जानेवारीत तीन आठवड्यांच्या रजेवर गेले ती लग्न होऊन परतले. अलिबागला सासरच्या ओटीवर ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी अंगठीनं त्यात अक्षरं ओढली. मी समोर बसलेली, त्यामुळे मला ती उलटी दिसली. वाचता येईनात. सगळ्या बायका टाळ्या वाजवून ‘छान गं, छान’ म्हणाल्या, तेव्हा मला शेवटी कळलं की मी सुप्रभा. लाजायचं असतं म्हणून लाजले. रीतच होती ती, रडण्यासारखं काय त्यात? परत आल्यावर हे बर्मिंगहॅमला होते म्हणून मी लेस्टर सोडलं. मिनी विकली. भूल देण्याचं काम रात्री-अपरात्रीचं, घरच्या बाईला ते झेपणारं नाही असं ठरलं, म्हणून फॅमिली प्लॅनिंगचं क्लिनिक, नऊ ते एक. पण एखाद्या पोलिसानं मला अडवलं असतं, तर मी मधुमती दिघे निघाले असते. एकतीस वर्षांत एकानंही अडवलं नाही. मी गाडी फार नीट चालवते.

युरोपची फाइल ह्यांनी एक्क्याऐंशी साली उघडली होती. फेरी, कॅले, ब्रुज, कोलोन, ब्लॅक फॉरेस्ट, ल्युसर्न, इन्सब्रुक. आधी सासूबाईंचं आजारपण आलं, मग घर, मग आमच्या मुलीच्या, वरदाच्या परीक्षा, मग ह्यांच्या कन्सल्टंटगिरीत एकेक सुट्टी जाऊ लागली. फाइल मात्र जाड होत गेली. या जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, पुढच्या वर्षापर्यंत काय उरेल याची खात्री देता येत नाही, आणि त्या संध्याकाळी ह्यांनी फाइल काढून टेबलावर ठेवली. ‘डोळे आहेत तोवर बर्फाचे डोंगर बघून घेतो. तू चालव,’ म्हणाले. तू चालव! हे दोन शब्द ऐकायला मला अठ्ठावन्न वर्षांची व्हावं लागलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिले, इतका आनंद झाला. त्यात ह्यांनी योजना सांगितली की आपली गाडी उजव्या चाकाची, तिकडची वाहतूक उलट, तेव्हा समोरून येणारं वाहन डावीकडे बसणाऱ्यालाच आधी दिसणार. म्हणून ओव्हरटेक कधी करायचं ते मी सांगीन. मी म्हटलं, ‘अहो, तुम्हाला बाजूचं दिसत नाही.’ ‘अगं, समोरचं दिसतं ना! तू नुसतं चाक धर.’ मी वाद घातला नाही. चाक तर मिळत होतं.

आणि आता ते चाक हवं तर त्या हिरव्या कागदावर पाणी सोडायचं. एवढाच हिशेब होता, आणि घरी येईपर्यंत मी तो मान्यही करून टाकला होता, हे लक्षात घ्या. म्हटलं, जाऊ दे मेलं. बारा वर्षांत सत्तरी येईल, तेव्हा जायचंच होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नावाला कवटाळून बसणं शोभतं का?

दुपारी हे जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन फॉर्म भरायला बसले. मी समोर वाल सोलत होते. वरदा स्लाऊहून येताना घेऊन आली होती. दोन दिवस मोड आणून कोमट पाण्यात टाकलेले, दाबला की दाणा सटकन बाहेर. वाल पितळेच्या तपेलीत. सासूबाईंनी सुनेसाठी नाव घालून केलेल्या अकरा भांड्यांपैकी तीन मी विमानानं आणली होती, त्यातली ती एक. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलेलं, सौ. सुप्रभा माधव कारखानीस, १२-५-७४. इतकी वर्षं मी ती घासतेय आणि घासताना नाव घालणाऱ्याला हसतेय, की मेल्यानं साल चुकवलं, महिना चुकवला, काही म्हणता काही धड नाही. फायलीतून ह्यांनी अलिबागच्या कोर्टातलं अ‍ॅफिडेव्हिट शोधून काढलं होतं, पूर्वाश्रमीची मधुमती वगैरे. ‘नाव बदलल्याची तारीख,’ ह्यांनी वाचलं. ‘एकोणीस जानेवारी पंचाहत्तर. बरोबर?’ मी गमतीनं म्हटलं, ‘तपेली तर मे चौऱ्याहत्तर म्हणते. स्वॅन्सीवाले तपेली मागायला आले तर पंचाईत!’

‘ती आधीची आहेत ना भांडी,’ हे म्हणाले. भिंगातून मानही वर केली नाही.

‘आधीची म्हणजे?’

‘अगं, ते रेवदंड्याचं स्थळ नव्हतं का? साखरपुडा झाला होता मे महिन्यात. आईनं भांडी केली, नावं घातली, आणि ती मुलगी ऐन वेळी म्हणाली, मला विलायतेला जायचं नाही. मोडलं. तुला माहीत नाही?’

‘नाही.’

‘सांगितलं असेल मी. नाही? आईला नाव फार आवडलं होतं, माझ्या नावाशी पत्रिकेत जुळवून काढलेलं. आणि ठिपके घातलेले भांड्यावरून निघतात थोडेच? आई म्हणाली, नाव चांगलं आहे, मुलगी बदलली म्हणून नाव कशाला बदलायचं. आणि तू तर इथंच होतीस, विलायतेचा प्रश्नच मिटला.’ मग पेन माझ्यापुढं धरलं. ‘इथं सही कर. चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नकोस.’

मी ओल्या हातानं सही केली. सुप्रभा कारखानीस, चौकटीच्या आत. मला वाटलं होतं काहीतरी होईल, डोळ्यांपुढं अंधारी येईल, मी तपेली भिरकावून देईन. काही झालं नाही. राहिलेले वाल सोलले. ह्यांना बिरडं फार आवडतं, दोनदा वाढून घेतलं. मी मात्र बसून रेवदंड्याच्या त्या मुलीचा विचार करत होते. तिचं खरं नाव काय होतं, तेही मला माहीत नाही, ह्यांनाही आठवलं नाही. मे महिन्याच्या उकाड्यात ती चार माणसांसमोर उभी राहून नाही म्हणाली असेल. तिच्या एका नाहीतून सुटलेलं नाव उचलून मला घातलं, राहिलेला ब्लाउजपीस ओटीत घालतात तसं, आणि एकतीस वर्षं मी त्या नावाला ओ देत आले. वरदाला त्याच नावानं जन्म दिला, क्लिनिकमध्ये त्याच नावानं हजारो बायका मला हाक मारून गेल्या. मला वाटायचं, माझं एक नाव गेलं आणि एक मिळालं. मिळालं काहीच नव्हतं. मी दुसरीच्या जागेवर बसले होते, आणि तीही जागा तिनं नको म्हणून सोडलेली. मला राग आला. फार उशिरा आला, पण आला तो असा की रात्रीचं दही विरजायचं मी विसरले.

सोमवारी लिफाफा घेऊन निघाले. आमच्या रस्त्याच्या टोकाला लाल पेटी आहे. लिफाफ्यात फॉर्म, अ‍ॅफिडेव्हिट, दोन फोटो आणि तो हिरवा कागद. पेटीच्या फटीत लिफाफा अर्धा घातला. टाकला असता तर जूनमध्ये मी घाट चढले असते. हे लिहितानासुद्धा माझ्या तळव्यांना ते चाक लागतं. पण मग चालवणारी कोण असती? ह्यांनी डावीकडून ‘सुप्रभा, आता काढ पुढं’ म्हटल्यावर गाडी कुणी पुढं काढली असती? मागून कुणीतरी ‘एक्सक्यूज मी, लव्ह’ म्हणालं. मी बाजूला झाले, त्या बाईनं तिचं पत्र टाकलं, आणि माझा लिफाफा माझ्या हातातच राहिला. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘टाकलं?’ मी म्हटलं, ‘टाकलं.’ लिफाफा पर्समध्ये, कप्प्याची चेन लावून.

त्यानंतरचे तीन आठवडे मी फार गोड वागले. ह्यांना वाचून दाखवायची, बाजूला बसून हॉटेलांची नावं उतरवून द्यायची. रोज सकाळी पोस्टमन येऊन गेला की हे दारातल्या पायपुसण्यावर हात फिरवून पाकिटं गोळा करायचे. ‘स्वॅन्सीचं काही आलं का बघ गं.’ मी बघायची. ‘नाही हो, अजून नाही.’ मग एका रविवारी वरदाचा फोन आला. ‘आई, ती फॉर्म पाठवली का तू? बाबा म्हणाले, तू थर्टी इयर्स नाव बदललीच नव्हती. सो फनी!’ वरदा इथंच जन्मली. तिचा नवरा डॅनिएल इंग्लिश, बरा आहे बिचारा. मी विचारलं, ‘तू का नाही गं बदललंस लग्नात?’ ‘मी कशाला बदलू? हॅसल आहे सगळा. बँक, पासपोर्ट. आणि माझी नाव आहे ना ती.’ एवढंच. तिला भांडावं लागलं नाही, लपवावं लागलं नाही, ताटात बघावं लागलं नाही. आणि आमच्याकडे कुणी आलं की हे छाती फुगवून सांगतात, माझ्या मुलीनं लग्नानंतरही नाव बदललं नाही, कारखानीसच लावते! पोरीचा मला हेवा वाटला. आईला मुलीचा हेवा वाटू नये म्हणतात. कोण म्हणतात कुणास ठाऊक.

मे महिन्याच्या मध्यावर एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. पॅसेजमध्ये मी होते, उचलला. पुढच्या खोलीत हे कार्पेटवर गुडघ्यांवर बसलेले, स्वित्झर्लंडचा मोठा नकाशा पसरून, हातात भिंग, नाक कागदाला टेकलेलं.

‘हॅलो, इज दॅट मिसेस सुप्रभा कारखानीस?’ कर्स्टी होती. नावाचे तिनं तीन तुकडे केले होते, पण गोड आवाजात. उत्तराची वाट न बघता ती सांगत सुटली. नव्या लायसन्सचा नंबर अजून तिच्याकडे आलेला नाही, गाडी बाहेर न्यायचा कागद आज करायला हवा, जूनमध्ये मोठ्या गाड्यांना फार मागणी आहे, आज दुपारपर्यंत नंबर मिळाला नाही तर सॉरी, गाडी सोडून द्यावी लागेल. कार्ड आलंय का? आलं नसेल तर तसं सांगा, मॅनेजरशी बोलून दोन दिवस वाढवून बघते.

दोन दिवस वाढवून मिळाले असते. खोटं बोलायचीही गरज नव्हती. आज फॉर्म टाकला, उशीर झाला, एवढं म्हटलं असतं तर कदाचित जुलैची तारीख निघाली असती. उघड्या दारातून मला ह्यांचे तळवे दिसत होते, एका मोज्याला टाचेशी भोक पडलेलं. पुढच्या जूनमध्ये बर्फ असेल, डोंगर असतील, ह्यांचे डोळे नसतील. हे मला लख्ख माहीत होतं. कुणी म्हणू नये की रागाच्या भरात झालं.

‘नो,’ मी म्हणाले. ‘नो सच पर्सन हिअर.’

कर्स्टी गोंधळली. तिनं आमचा नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे ना?

‘नंबर बरोबर आहे,’ मी इंग्रजीत सांगितलं. ‘नाव चुकलंय.’ आणि फोन ठेवला. कोनाड्यात पर्स होती. मी चेन उघडून लिफाफा आहे ना ते हातानं चाचपून पाहिलं आणि चेन पुन्हा लावली.

‘कोण गं? स्वॅन्सीचा का?’

‘नाही. चुकून लागला होता.’

‘बरं, जरा इकडे ये. हा घाट कुठला ते वाच, मला अक्षरं लागत नाहीत. इथून तुला गाडी वर काढायचीय.’

मी चष्मा लावला आणि ह्यांच्या शेजारी कार्पेटवर बसले. ह्यांनी बोट ठेवलं होतं ती जागा बघितली. ‘सुस्टेन,’ मी वाचलं. बोट थोडं पुढं सरकलं. ‘आणि हा?’

मी तोही वाचला.